आमची वाटचाल: मूड असो नसो, शटर वर

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगितलं की हसतात, पण आमच्या घरचं सगळं वेळापत्रक त्या गुरुवारावर बेतलेलं आहे. पोरांची शाळा रविवारी बंद आणि आमची शेड, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवायचं छोटं वर्कशॉप, रविवारी चालू, त्यामुळे लग्न असो की बारसं, मिसेस पोरांना घेऊन पुढे जाणार आणि मी "निघतोच, एवढा लॉट निघू दे" म्हणत पंगत उठायच्या वेळेला पोचणार. पण खरं सांगायचं तर रविवार हा माझा सगळ्यात आवडता कामाचा दिवस आहे. आमचे मोठे कस्टमर चाकणचे, त्यांचं पर्चेस, म्हणजे खरेदी खातं, रविवारी बंद, म्हणजे मशीन चालू आणि फोन गप्प. आठवड्याचं अर्धं डोक्याचं काम मी रविवारी सकाळी उरकतो.

सुरुवात २००९ ची. त्याआधी मी एका कंपनीत सेटर, म्हणजे मशीनवर काम लावून देणारा, होतो, मग भाड्याचा गाळा घेतला, एक सेकंडहँड सीएनसी टर्निंग मशीन, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं लेथ, चुलतभाऊ जोडीला. दिवसा तो, रात्री मी. तेव्हा मोटिव्हेशन वगैरे शब्द आमच्या डोक्यात पण नव्हता, बँकेचा हप्ता होता, तेवढा पुरायचा. पहाटे चारला कूलंटचा वास अंगाला घेऊन घरी जायचो आणि तरी मजा यायची, कारण संध्याकाळी ट्रे रिकामा असायचा आणि सकाळी भरलेला, केलेलं काम डोळ्यासमोर दिसायचं.

अवघड झालं ते नंतर, धंदा बरा चालायला लागल्यावर. पाच मशीन झाली, माणसं वाढली आणि माझा हात मशीनला लागायचाच बंद झाला. दिवसभर फोन, कोटेशन, ईवे बिल, टेम्पोवाला कुठे अडकला, ऑपरेटर आज का आला नाही, जीएसटीचं अकरा तारखेचं रिटर्न जीएसटीआर-१ झालं की वीस तारखेचं ३बी. रात्री मिसेस विचारायची आज काय केलं, तर सांगता यायचं नाही. दमायचो मात्र भरपूर. बरेच मालक लोक इथेच ढेपाळतात असं माझं मत आहे, काम जास्त होतं म्हणून नाही तर काय झालं ते दिसत नाही म्हणून. मग कोणीतरी ग्रुपवर पहाटे पाचला उठायचे व्हिडिओ टाकतं. अहो आमच्याकडे पहाटे पाचला थर्ड शिफ्ट चालू असते, त्यात नवीन काय!

माझ्यापुरता उपाय निघाला तो स्टॉपवॉचमधून. एका दुपारी एक मोठं पेमेंट पुढच्या महिन्यावर गेल्याचं कळलं, डोकं इतकं फिरलेलं की केबिनमध्ये बसवेना, म्हणून शॉपवर जाऊन एका मशीनसमोर उभा राहिलो. बुशचं, म्हणजे गोल पोकळ पार्टचं, काम चालू होतं, सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, दोन मिनिटं दहा सेकंद. सहज बघत होतो तर टूल बदलायला टरेट, म्हणजे टूल धरणारी फिरती चकती, दरवेळी पार मागे जायचा, फिरायचा आणि परत लांबून जॉबवर यायचा, त्या येण्याजाण्यात टूल नुसती हवा कापत होतं. सेटरला हाक मारली, इंडेक्सिंगचा, म्हणजे टरेट फिरायचा, पॉइंट जॉबच्या जवळ आणला, सगळ्यात लांब बोरिंग बार (आतून कापायचं टूल) चकला, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीला, लागत नाही ना ते सिंगल ब्लॉकवर प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवून बघितलं, मग दोन ठिकाणी फीडने, म्हणजे कापायच्या हळू वेगाने, जात होतं तिथे रॅपिड, म्हणजे पूर्ण वेग, टाकला. दोन मिनिटांवर आलं. दहा सेकंद म्हणजे ऐकायला काही नाही, पण पाच हजारांच्या लॉटला पन्नास हजार सेकंद, जवळजवळ चौदा तास मशीन मोकळं. मशीनच्या तासाला साडेचारशे या आमच्या रेटने सहा हजारांच्या वर पैसे, एक रुपया खर्च न करता. आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या दिवशी रात्री मिसेसला सांगायला काहीतरी होतं. (ती म्हणाली मग पेमेंटचं काय. ते जाऊ दे.)

तेव्हापासून रोज सकाळचा पहिला तास शॉपवर, मोबाईल केबिनच्या ड्रॉवरमध्ये. कधी सायकल टाइम, कधी इन्सर्टचं, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाचं, लाइफ, कधी नुसतं स्क्रॅपच्या पेटीत हात घालून आज कुठला पीस का गेला ते बघायचं. रोज काही सापडतंच असं नाही. पण तास संपला की जे फोन टाळावेसे वाटतात ते करायला जीव येतो, आणि ते पण मी लगेच करून टाकतो, चहाच्या आधी. ज्या माणसाशी बोलायचं नाहीये त्याचा नंबर पहिला.

दुसरी गोष्ट सहीची. फर्स्ट पीस म्हणजे सेटिंग झाल्यावर निघालेला पहिला पीस, तो मोजून ओके केल्याशिवाय लॉट चालू करायचा नाही हा आमचा नियम आणि ओके करणारा मी. दोन मशीन होती तोवर हे बरोबरच होतं. पाच झाल्यावर मात्र सेटर हातात पीस आणि रिपोर्ट घेऊन केबिनच्या दारात उभा, मी फोनवर, त्याला खुणेने थांब म्हणतोय, आणि तिकडे मशीन बंद. मग ठरवलं, बोअर गेजने बोअर (आतला व्यास) बघायचा, मायक्रोमीटरने ओडी (बाहेरचा व्यास), रिपोर्टवर आकडे लिहायचे आणि सही सेटरनेच करायची. माझ्याकडे यायचं ते फक्त तीन वेळा, नवीन ड्रॉइंग आलं तर, मटेरियल बदललं तर, आणि डायमेन्शन टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, काठावर लागत असेल तर. भाऊ वैतागला होता, म्हणाला रिजेक्शन वाढलं तर कोण भरणार. वाढलं नाही. उलट सही स्वतःची असली की माणूस दोनदा मोजतो, आणि आमचा सीनियर सेटर, जो पूर्वी "साहेब बघतील" म्हणायचा, तो आता पोरांना ओरडतो की मला न दाखवता लॉट चालू केलाच कसा.

२०१९ चं वर्ष वाईट गेलं. गाड्यांची विक्री पडलेली, त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम लागू होणार म्हणून जुन्या पार्टच्या ऑर्डर कमी कमी होत चाललेल्या, कंपन्या मधेच प्रॉडक्शन बंद ठेवायच्या. त्या रिकाम्या दिवसांत ऑपरेटर पोरांना सेटिंग शिकवलं आणि पंप बनवणाऱ्यांची छोटी कामं धरली, पैसे कमी पण ऑटोच्या बाहेरची. मग मार्चमध्ये लॉकडाऊन. त्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालंय, मी एवढंच म्हणेन की सरकारच्या गॅरंटीवरचं जे जादा कर्ज मिळालं, फेब्रुवारी अखेरच्या कर्जाच्या बाकीच्या वीस टक्के, त्याने आमचे पगार निघाले आणि पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नव्हतं म्हणून रात्री झोप लागली. झोपेचा आणि धंद्याचा संबंध कुठल्या सेमिनारमध्ये सांगत नाहीत.

आणि पेमेंट. मालकाचा उत्साह कशाने जातो असं मला विचारलं तर मी हेच सांगेन, बाकी कारणं नंतर. कायदा २००६ चा आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर लांबवता येत नाही, लांबवलं तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. कागदावर फार छान. प्रत्यक्षात आमचं एक कस्टमर नव्वद दिवस लावायचं आणि सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार टाकली की पुढची ऑर्डर येणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. फरक पडला तो इन्कम टॅक्सच्या ४३बी(एच) कलमामुळे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर कस्टमरला टॅक्समध्ये त्या वर्षी तो खर्च धरता येणार नाही, हे २०२३-२४ पासून लागू झालं आणि २०२४ च्या सुरुवातीला ज्या अकाउंट्समध्ये आमचा फोन कोणी उचलत नव्हतं तिथूनच आम्हाला फोन, सर तुमचं उद्यम सर्टिफिकेट (लघु उद्योग नोंदणीचं) पाठवा ना. मिसेसने त्याच मिनिटाला पाठवलं. आता फॉलोअपचा वार ठरलेला आहे, मंगळवार, आणि तो फोन ती करते, मी नाही. मी केला की आवाज चढतो किंवा पडतो, ती शांतपणे बिल नंबर आणि तारीख वाचून दाखवते आणि "कधी टाकताय" विचारून गप्प बसते. समोरचाच बोलायला लागतो.

गुरुवारी मी शेडकडे फिरकत नाही असं घरी कबूल केलंय. मेंटेनन्सवाला येणार असेल तर भाऊ जातो. खंडेनवमी गुरुवारी आली तर अपवाद, मशीनची पूजा चुकवत नाही.

सध्या वाद चालू आहे तो व्हीएमसी, म्हणजे मिलिंगचं सीएनसी मशीन, घ्यायचं का यावर. पंपवाल्यांचं मिलिंगचं काम आपण बाहेर देतो, तिथे उशीर होतो आणि शिव्या आपण खातो, म्हणून भाऊ म्हणतो घेऊन टाकू. दोन कोटेशन आलीत, सीए बँकेसाठी प्रोजेक्शन बनवतोय. मिसेसची अट एकच, पहिल्या वर्षाचा हप्ता पंपवाल्यांच्या आत्ताच्या ऑर्डरमधून निघतो हे कागदावर दाखवा, "काम येईल" हे वाक्य चालणार नाही. रविवारी सकाळी आकडे घेऊन बसणार आहोत आम्ही तिघं.