निजेला धोंडा

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण ज्याने कुणी रचली, त्याने कोंडा खाल्ला असेलही, पण धोंड्यावर तो फार रात्री झोपला नसावा. झोपला असेल तर एखाददुसरी, तीही विशीच्या आत. विशीत माणूस धोंड्यावरच काय, एसटीच्या मागच्या बाकावर बोचक्यांच्या मध्येसुद्धा झोपतो. चाळिशी उलटली की तोच धोंडा रात्री अडीच वाजता आपल्याला एकेका हाडाचं नाव सांगायला लागतो.

माझा पहिला मुक्कामी ट्रेक राजगडाचा, १९९४च्या डिसेंबरातला. ‘वर गार असेल’ एवढ्या एका माहितीवर आईने मला गोधडी बांधून दिली. आजीची दोन नऊवारी लुगडी, मध्ये आजोबांच्या धोतरांचे थर आणि वरून बोटबोट अंतरावर धावदोरा. तिची वळकटी सुतळीने आवळून सॅकवर आडवी बांधलेली. गुंजवण्याकडून चोरदरवाज्याने गेलेल्यांना तो शेवटचा टप्पा ठाऊक असेल. धापा टाकत आपण त्या बुटक्या दरवाज्याशी पोचतो आणि कमरेत वाकून आत शिरतो. मी वाकले, शिरले. वळकटी काही शिरली नाही. पुढून एकजण हात ओढतोय, मागून दोघं ढकलताहेत आणि मधे मी, बाटलीच्या तोंडात अडकलेल्या बुचासारखी. ‘अगं, गडावर आलीयस की सासरी चाललीयस?’ हे खालून कुणीतरी म्हणालं आणि पुढची तीन वर्षं ते मला पुरलं.

त्या रात्री पद्मावतीच्या देवळात आम्ही फरशीवर झोपलो. गोधडी मी दुमडून अर्धी खाली, अर्धी वर घेतली. सकाळी मला हलवून उठवावं लागलं. बाकीच्यांनी रात्रभर शेकोटीजवळ बसून गाणी म्हटली होती. हौस म्हणून नव्हे, तर झोपवेना म्हणून. मी मात्र माझ्या झोपेचं सगळं श्रेय अठराव्या वर्षाला देऊन टाकलं आणि घरी आल्यावर गोधडी माळ्यावर टाकली. पुन्हा कोण ते धूड वाहणार! नंतर एकदा उगाच वजन केलं, तर दोन किलो सातशे ग्रॅम भरली.

चाळिशीत गुडघ्यांनी तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. मी सोयीस्करपणे ते सॅकचं ऐकलं. मग घरात भाजीचा काटा आणि मी असा संसार सुरू झाला. एकेक वस्तू काट्यावर चढवायची आणि तिच्याकडे संशयाने बघायचं. टूथब्रशची मूठ करवतीने कापली. कंगव्याचे निम्मे दात गेले. टॉवेलच्या जागी पंचा आला, स्टीलच्या डब्याच्या जागी प्लास्टिकची पिशवी. नवरा एक दिवस पेपरातून मान वर न काढता म्हणाला, ‘केसही कापून टाक, शंभरेक ग्रॅम निघतील.’ अकरा किलोची सॅक साडेसहावर आली. त्या भरात एक दिवस कॅरीमॅटवर, म्हणजे खाली अंथरायच्या फोमच्या पट्टीवर, नजर गेली. तीनशे दहा ग्रॅम, आणि काम काय, तर नुसतं खाली पडून राहायचं. स्लीपिंग बॅग चांगली जाडजूड होती, पाच अंशांच्या थंडीपर्यंत चालेल असं तिच्यावर छापलेलंही होतं. मॅट घरी राहिली.

आणि मी जानेवारीत पाचनईहून हरिश्चंद्रगडावर गेले.

कोकणकड्याशी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. कड्यामागचा कातळ दिवसभर तापलेला. हात टेकला तर चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखा, भाजेल असा नाही, पण सोडवणार नाही असा. त्यावर पालथी पडून मी म्हटलं, बघा, मॅट कशाला हवी! जेवणं झाली, चांदणं पडलं, नऊला मी बॅगेत शिरले आणि पाचव्या मिनिटाला झोपले. इथपर्यंत म्हण खरी होती.

काळा कातळ दिवसभर खाल्लेलं ऊन संध्याकाळी परत करतो, पण उधारी काही तो रात्रभर देत नाही. मध्यरात्रीपर्यंत त्याची ऊब आकाशाला गेलेली असते आणि मग तो वसुलीला लागतो. दोन वाजता मला जाग आली ती कमरेतून. कमरेचं हाड जिथे टेकलं होतं तिथून थंडी आत येत नव्हती, माझीच ऊब खाली झिरपत होती, फुटक्या टाकीतून पाणी जावं तशी. कूस बदलली. दहा मिनिटांनी ती कूस गारठली. पुन्हा बदलली. तव्यावरच्या भाकरीसारखी रात्रभर मी स्वतःला उलटत होते, फक्त भाकरी खालून भाजते आणि मी खालून गोठत होते. गंमत म्हणजे वरून मला घाम आला होता. तीन वाजता मी सॅक रिकामी करून तिच्यावर झोपले, चारला दोर पसरला, पाचला नाद सोडून चहा टाकायला उठले. शेजारची मैत्रीण तिच्या कॅरीमॅटवर घोरत होती. त्या मॅटकडे मी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी कधी कुणाच्या दागिन्यांकडेसुद्धा पाहिलेलं नाही.

उतरताना हिशेब लागला. पुण्याहून हा गड साडेआठशे मीटर तरी उंच, आणि हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या दराने पाच-साडेपाच अंशांचा गारठा जास्त, हे मी धरलंच होतं. कड्यावरचा वाराही धरला होता. धरलं नव्हतं ते माझं स्वतःचं वजन. स्लीपिंग बॅगेची ऊब तिच्या पिसांत किंवा तंतूंत नसते, त्यांच्यामध्ये अडकून बसलेल्या हवेत असते. वरची बाजू फुगलेली राहते, खालच्या बाजूवर आपण झोपतो आणि ती हवा पिळून काढतो. मग खाली उरतं दोन पदरी कापड आणि कातळ. बॅगेवरचे ते अंश खाली मॅट आहे असं गृहीत धरून छापलेले असतात, हे मला चाळिशीत कळलं. आईला चौथी पास असून माहीत होतं.

खरं म्हणजे भाषेलाही माहीत होतं. आपण अंथरूण-पांघरूण म्हणतो. पांघरूण-अंथरूण म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पाय पसरायचे तेही अंथरूण पाहून. पांघरूण बघून पाय पसरा असं कुणी सांगितलेलं नाही. धनगराच्या खांद्यावर एकच घोंगडी असते, तीही तो रात्री आधी खाली घालतो आणि उरलेली अर्धी अंगावर ओढतो. माझ्या गोधडीच्या घडीला राजगडावर जे आपोआप जमलं होतं, ते मी भाजीच्या काट्याच्या नादी लागून घालवलं.

तेव्हापासून माझ्या दोन पाठींचं भांडण सुरू आहे. पाठ तीच, पण दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी. दिवसाची पाठ म्हणते, काढ ते ओझं. रात्रीची म्हणते, जे वाहिलं नाहीस ते मी भोगू का? तडजोड अशी निघाली की मॅट कापायची. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत जेवढी हवी तेवढी, चार फूट. पाय रिकाम्या सॅकवर. पोटऱ्यांना फारसं कळत नाही, त्या गरीब असतात. माज कमरेला आणि खांद्याला.

मध्ये एकदा हवा भरायची गादी घेऊन पाहिली. वजन कातडी पाकिटाएवढं, किंमत सोन्याच्या नथीएवढी. रात्री कूस वळली की चिवड्याचं पाकीट चुरगाळल्यासारखा आवाज, त्यामुळे सोबतचे आठजण माझ्या प्रत्येक कुशीचे साक्षीदार. दुसऱ्याच मुक्कामात आम्ही डोंगराच्या एका पदरावर, म्हणजे मधल्या सपाटीवर, कारवीची झुडपं तोडलेल्या मोकळ्या जागेत पथारी टाकली. कारवीचं तोडलेलं खुंट दिसायला पेन्सिलीएवढं, काम भाल्याचं. एक वाजता माझ्याखालून एक लांब सुस्कारा आला आणि मी सावकाश, अगदी सन्मानाने जमिनीवर उतरले.

जागा बघणं ही यातली खरी कला आणि तिला एक ग्रॅमही लागत नाही. खोलगट, मऊ, वाऱ्याआडची जागा दिसली की नवखा माणूस खूष होतो. पण गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि नेमकी त्याच खळग्यात साठते. चार हात वर चढून झोपलं तर फरक पडतो. आभाळ निरभ्र असेल तर झाडाखाली किंवा गुहेच्या तोंडाशी सरकावं, नाहीतर सकाळी बॅगेवर एवढं दव की पिळावी. तारे बघत झोपायची हौस असलेल्यांनी ती हौस अकरापर्यंत भागवून घ्यावी.

मग तो खडा. प्रत्येक मुक्कामात तो असतोच. आधी जमिनीवर हात फिरवून आपण जागा झाडतो, आडवं पडून बघतो, डोकं चढाकडे येतंय ना ते पाहतो, मॅट घालतो, बॅग घालतो, चेन ओढतो, टॉर्च विझवतो. तेव्हा तो डाव्या खांद्याच्या पात्याखाली उगवतो. हरभऱ्याएवढा. आता उठायचं, चेन काढायची, गारठ्यात यायचं, मॅट उचलायची आणि टॉर्चच्या उजेडात तो शोधायचा, की असंच सोसायचं? सोसण्याकडे कल असतो. दहा मिनिटांत तो लिंबाएवढा होतो. मी आता उठते. उठून शोधला तर सापडत नाही, पण उठल्यामुळे लघवीला जाऊन येणं होतं आणि निम्मी तळमळ तिथेच जाते. भरलेलं पोट आणि रिकामी पिशवी, एवढंच झोपेला लागतं, असं आमचा एक मुरलेला भिडू म्हणतो. पोटासाठी झोपताना गूळ-शेंगदाणे, पायाशी कोरडे मोजे, आणि फार गार असेल तर गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मांडीशी.

रतनगडाच्या गुहेत हे सगळं साधलं होतं. खाली फुफाटा मऊ, वारा नाही, दव नाही. फक्त एक घोरणारा होता. बंद गुहेत घोरणं म्हणजे गाभाऱ्यात ढोल. शिवाय उंदीर. सॅक टांगल्या होत्या, पण एकाच्या खिशात राजगिऱ्याची वडी राहिली होती आणि ती उंदरांना त्याच्याआधी आठवली. त्या गुहेबद्दल मी यापेक्षा जास्त सांगणार नाही.

अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या एक आजी होऊन गेल्या. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्या ॲपलाचियन ट्रेलची साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासची वाट एकट्या चालल्या. अकरा मुलांची आई. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर घरी शिवलेली जाड कापडाची झोळी, तीत एक फौजी ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. आसरा मिळाला नाही तर पानांच्या ढिगावर झोपायच्या, आणि फार गारठा असेल तर चपटे दगड विस्तवात तापवून त्यावर आडव्या व्हायच्या. हे वाचलं तेव्हा मला म्हण रचणाऱ्याची मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली. निजेला धोंडा चालतो. शेकून घ्यावा लागतो, एवढंच.

पण आजवरची माझी सगळ्यात सुखाची झोप गडावरची नाही. हल्ली काही गडांवर मुक्कामाला मनाई आहे, म्हणून पायथ्याच्या गावात पडवी बघावी लागते. भंडारदऱ्याच्या पाणलोटाकडच्या एका वाडीत उशिरा पोचलो. पडवी शेणाने सारवलेली, पिठलं-भात झालेला, आणि मी माझी चार फुटी मॅट ऐटीत उलगडली. घरातल्या मावशी दारात उभ्या राहून ती बघत होत्या. ‘ही एवढीशीच व्हय?’ त्यांनी विचारलं. मी वजनाचं सांगू लागले. त्या ऐकत होत्या, मग काही न बोलता मागे गेल्या आणि दोन कवळे भाताचा पेंढा आणून पडवीत टाकला. हाताने झटकून, फुलवून, ढोपराएवढा जाड केला. वर घरातली घोंगडी. ‘झोपा आता ताई, निवांत.’

पेंढ्याची एकेक काडी पोकळ, आणि काड्यांच्या मध्ये पुन्हा हवा. मी आत रुतले. कमरेने जिथे म्हटलं तिथे खळगा झाला, खांद्याने म्हटलं तिथे दुसरा. थोडं टोचत होतं, वास वाळल्या उन्हाचा येत होता. स्लीपिंग बॅग मी अंगावर नुसती ओढली, चेनही लावली नाही. पलीकडे भिंतीला लागून गोठा, तिथून अधूनमधून घंटेचा आवाज. खडा नव्हता. मी पाठीवर झोपले आणि पाठीवरच उठले, असं लहानपणानंतर पहिल्यांदा झालं.

उठले साडेपाचला, पायाशी कुणीतरी अंथरूण ओढत होतं म्हणून. वाटलं, कुणी मस्करी करतंय. ‘झोपू दे ना रे,’ म्हणून मी पाय झटकले. उत्तरादाखल घंटा वाजली आणि घोट्याला गरम श्वास लागला. दावं सोडवून आलेली कालवड माझं गुडघ्याखालचं अंथरूण संपवून वर सरकत होती. मावशी चूल फुंकताना थांबल्या, पडवीत डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘आता उठा ताई. तिला कमरेपत्तुर येऊ द्यायची नाय.’