वरच्या पंचवीस वेली

जेव्हरे-शांबर्तां गावात कुणाच्या बागेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हमरस्त्याच्या वर की खाली? फ्रान्सच्या बर्गंडी भागात, दिजों शहराच्या दक्षिणेला एक पूर्वाभिमुख उतार सुरू होतो. लांबी साधारण ५० किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी किलोमीटरभरही नाही. याचं नाव कोत-दोर. जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी बऱ्याच या अरुंद पट्टीतून येतात. मी इथल्या एका घरगुती वाइनरीत बागेचं काम बघतो. वाइनरी म्हटल्यावर नाशिककरांना स्टीलच्या उंच टाक्या आणि पर्यटकांच्या गाड्या आठवतील. तसलं इथं काही नाही. घर, घराखाली तळघर, तळघरात लाकडी पिंपं आणि गावभर विखुरलेले बागेचे तुकडे. नेपोलियनच्या काळापासून वारसांना समान वाटा द्यायचा कायदा आहे, त्यामुळे तुकड्यांचेही तुकडे झालेत. या बाबतीत दिंडोरी आणि बर्गंडीत काडीचा फरक नाही. फक्त इथले लोक त्या तुकडेबाजीची पोस्टकार्डं छापून विकतात.

जमिनीचे दर्जे चार. सगळ्यात खाली नुसती ‘बर्गंडी’, म्हणजे प्रदेशाचं नाव. त्यावर गावाचं नाव. त्यावर प्रेमिये क्रू, म्हणजे गावातला नावाजलेला तुकडा. आणि सगळ्यात वर ग्रां क्रू. असे अख्ख्या बर्गंडीत ३३, त्यातले ९ एकट्या आमच्या गावात. दर्जा जमिनीचा असतो, माणसाचा नाही. बोर्दोला, म्हणजे फ्रान्सच्याच दुसऱ्या वाइन-भागात, १८५५ साली जी यादी झाली ती वाइन करणाऱ्या घराण्यांची होती. घराण्याने शेजारची जमीन विकत घेतली तर तीही सहसा त्याच नावाखाली जाते. इथं तसं चालत नाही. ग्रां क्रूत कुणी आळशी माणूस असला तरी त्याच्या बाटलीवर ग्रां क्रूच लिहिणार, आणि खालच्या शेतात कुणी जीव ओतला तरी त्याची ‘बर्गंडी’च राहणार. मला हे सुरुवातीला अन्यायाचं वाटायचं. आजही थोडं वाटतं.

आमचा गाव-दर्जाचा एक तुकडा कूर-नूए या विषाणूने पार गेला होता. हा रोग जमिनीतल्या सूत्रकृमींमार्फत पसरतो, त्यामुळे वेली उपटल्या की लगेच दुसऱ्या लावता येत नाहीत. मालकिणीने जमीन काही वर्षं पडीक ठेवली, तिच्यात ओट आणि शेंगवर्गी पिकं पेरली. आता पुन्हा लागवड करायची तर खुंट, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर वेलीचं कलम करायचं ते, कोणता घ्यायचा हे ठरवायचं होतं. त्यासाठी जानेवारीत एक मातीतज्ज्ञ आले, सोबत छोटं खोदयंत्र. मालकीण, तिचे ऐंशी पार केलेले काका आणि मी. पाऱ्याने शून्य गाठलेलं, बुटाला चिखल, आणि काकांचा खड्ड्याला ठाम विरोध. “माझ्या बापाने कधी खड्डा खणला नाही,” ते म्हणाले. “चव घेतली की कळतं.”

या तुकड्याच्या वरच्या अंगाला एक कच्ची वाट आहे. वाटेपलीकडे प्रेमिये क्रू सुरू होतो, त्यातलाही थोडा भाग आमच्याच घराचा. म्हणजे एकाच घराच्या दोन बागा, मध्ये ट्रॅक्टर जाईल एवढी वाट. पण वरच्या बाटलीला खालच्या बाटलीच्या जवळजवळ दुप्पट भाव.

पहिला खड्डा वाटेला लागूनच घेतला. वरची वीतभर-दीड वीत तपकिरी, थोडी चिकण माती. त्याखाली यंत्राचे दात दगडावर घासले. दीड मीटरपर्यंत खाली गेल्यावर तज्ज्ञ खड्ड्यात उतरले आणि चाकूने भिंत खरवडून साफ केली. चुनखडकाचे आडवे, फुटके थर. फटीफटींतून जुन्या वेलींची मेलेली मुळं गेलेली; काही पेन्सिलीएवढी जाड, काही केसाएवढी. माती संपली तरी मुळं थांबली नव्हती, फटीत जिथं चिमूटभर ओली माती सापडली तिथं त्यांनी गुंतवळ केलं होतं. तज्ज्ञांनी दगडाचा ताजा तुकडा फोडून माझ्या हातात दिला. तुटलेल्या अंगावर बारीक चकचकीत चकत्या दिसत होत्या. ते क्रिनॉइडचे, म्हणजे समुद्राच्या तळाशी देठावर राहणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे. जवळपास १७ कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ, उबदार समुद्र होता. आमच्या नाशिकचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या दगडापुढे कालचा.

मग त्यांनी खिशातून ड्रॉपर काढला आणि मातीवर विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकले. इनो पाण्यात पडावं तसा फेस आला. मालकिणीचा चेहरा खुलला. माझ्या मनात मात्र आलं, बाप रे, चुनखडी!

आमच्याकडे चुनखडीची जमीन म्हणजे डोक्याला ताप. जमिनीत चुना जास्त झाला की लोह असूनही वेलीला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नाशिकला घरी आप्पांनी तसल्या एका प्लॉटला किती फेरस सल्फेट पाजलं, किती चिलेट फवारलं, याचा हिशेब घरात कुणी काढत नाही. शेवटी तिथली बाग काढून कांदा केला. आणि इथं लोक त्याच चुन्यावर कोट्यवधी युरो लावून बसलेत. पिवळेपणा इथंही येतोच. फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड १८७८ मध्ये कोत-दोरमध्ये सापडली, त्यानंतर सगळ्या बागा अमेरिकन खुंटावर कलम कराव्या लागल्या. त्या खुंटांपैकी पुष्कळांना चुना सोसत नव्हता. म्हणून इथं चुना सोसणारे संकर शोधले गेले. आम्ही डॉगरिजवर विसंबतो तसे इथले लोक कित्येक वर्षं १६१-४९ नावाच्या खुंटावर विसंबले, आणि आता तोच जागोजागी मान टाकतोय.

चुना असूनही इथं गुण येतो तो निचऱ्यामुळे. पिनो न्वार ही नाजूक, पातळ सालीची, घट्ट घडाची जात. पाणी मुळाशी साचलं की मणी फुगतात, घडात कूज शिरते. फुटक्या चुनखडकात पाऊस झिरपून जातो, पण फटींतली चिकण माती उन्हाळ्यात थोडी ओल धरून ठेवते. वेलीला ना पोटभर मिळत, ना उपास घडत. जिथं खडकापेक्षा चुनकट चिकणमाती, म्हणजे मार्ल, जास्त आहे तिथं पांढरी शार्दोने बरी येते. कोर्तोंच्या टेकडीवर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं: बऱ्याच ठिकाणी वर फिकट मार्लवर शार्दोने, खाली तांबूस मातीवर पिनो.

दुसरा खड्डा त्याच तुकड्याच्या खालच्या टोकाला. इथं मीटरभर खाली गेलो तरी दगडाचा पत्ता नाही. जड, तपकिरी चिकणमाती, तळाशी राखाडी-गंजलेले डाग. पाणी साचून राहिल्याची खूण. ॲसिड टाकलं तर जेमतेम दोन-चार बुडबुडे. काकांनी काठीने मातीचा गोळा उलथला आणि म्हणाले, “बटाटे चांगले येतील.”

आतापर्यंत सगळं पुस्तकात असतं तसंच होतं: वर पातळ माती, खाली जाड, आणि दर्जाही त्याच क्रमाने उतरता. पण मग पहिला खड्डा? तो तर वाटेच्या खालच्या बाजूला होता, गाव-दर्जाच्या जमिनीत. तज्ज्ञांनी गिरमिट घेतलं आणि वाटेपलीकडे, प्रेमिये क्रूत जिथं काही वेली मरून जागा रिकामी झाली होती, तिथं हाताने भोक पाडलं. तशीच तपकिरी माती, तेवढ्याच खोलीवर तोच दगड. ॲसिडचा फेसही तोच. आमची जमीन आणि वाटेपलीकडची जमीन यांत त्यांना काहीच फरक सापडेना. फरक सापडला तो आणखी खाली, तिसऱ्या खड्ड्यात. वाटेपासून ओळीतल्या पंचवीसेक वेली मोजल्या की तिथं खडक एकदम खोल जातो. बहुधा छोटा भ्रंश, म्हणजे तडा जाऊन खडक खाली-वर सरकलेली जागा असावी, असं ते म्हणाले. या उतारावर असे पुष्कळ आहेत. म्हणजे जमीन बदलते ती आमच्या बागेच्या आत. कागदावरची रेघ मात्र वाटेवर.

मालकीण थोडा वेळ काही बोलली नाही. मग काकांकडे वळून म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं.”

काका हसले. प्रेमिये क्रू हा दर्जा कायद्यात आला १९४३ मध्ये, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना. काकांच्या म्हणण्यानुसार त्या वेळी गावातल्या कित्येकांनी वरचा दर्जा मागितलाच नाही. दर्जा वाढला की कर वाढेल ही भीती, शिवाय बाटली विकली जाईल याची खात्री नाही. वाट ही सोयीची हद्द होती, सगळ्यांना दिसणारी, म्हणून रेघ तिथं पडली. त्यांचं खरं किती आणि रंगवलेलं किती, मला सांगता येणार नाही. पण रेघ माणसांनी ओढली आणि तिच्यात माणसांचे हिशेब आले, यात मला नवल वाटलं नाही. याच गावातली क्लो सँ-जाक ही बाग बघा. भाव ग्रां क्रूच्या बरोबरीचा, दर्जा प्रेमिये क्रूचा. त्या वेळच्या मालकाने अर्ज करण्यात कमीपणा मानला, अशी कथा गावात अजून सांगतात. आणि क्लो द वूजो? सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी भिंत बांधून घेतलेली जवळपास ५० हेक्टरची बाग, आज सुमारे ८० मालक. वरच्या टोकापासून हमरस्त्यापर्यंत सगळी ग्रां क्रू, कारण भिंत एक आहे. खालच्या टोकाची माती आमच्या दुसऱ्या खड्ड्यासारखी जड आहे, हे तिथले लोकही नाकारत नाहीत.

तरीही एक कबूल करावं लागेल. साधूंपाशी ना खोदयंत्र होतं ना ॲसिड. त्यांनी शेकडो वर्षं द्राक्षं कुठं आधी पिकतात, बर्फ कुठं आधी वितळतं, कोणत्या पिंपातली वाइन टिकते, एवढंच पाहिलं. आणि त्यांच्या बहुतेक रेघा आजच्या भूगर्भशास्त्राशी जुळतात. आमची चुकली ती पंचवीस वेलींनी. पण माझा आक्षेप चुकीवर नाहीच. चूक दिसली तरी ती हलत नाही, यावर आहे.

दुपारी जेवायला काकांनी स्वतःची आलिगोते उघडली. ही इथली दुसरी पांढरी जात, आंबट, स्वस्त, रस्त्याखालच्या सपाटीवर वाढणारी. मी गामेचा विषय काढला की ते हमखास चिडतात, म्हणून काढला. १३९५ साली बर्गंडीच्या ड्यूकने गामे जातीला दगाबाज ठरवून ती उपटून टाकायचा हुकूम दिला होता, कारण ती भरघोस पिकायची आणि पिनोचं नाव खराब करायची. गंमत म्हणजे जनुकीय तपासणीत गामे आणि शार्दोने ही सख्खी भावंडं निघाली. दोघांचे आईबाप पिनो आणि ग्वे ब्लांक नावाची एक सामान्य जात. “कुठल्याही घरात एखादा असा निघतोच,” काका म्हणाले आणि मालकिणीकडे बघून डोळे मिचकावले. तिचा भाऊ बोर्दोत नोकरी करतो.

मालकिणीच्या डोक्यात मात्र वरचा दर्जा मागायचं चाललं होतं. मी तिला मार्साने या जवळच्या गावाची आठवण करून दिली. गावाच्या नावाचा दर्जा त्यांना १९८७ मध्ये मिळाला, आणि प्रेमिये क्रूसाठी ते कित्येक वर्षं कागद फिरवतायत. दक्षिणेकडच्या पुयी-फ्विसेला २२ तुकड्यांसाठी तो मिळाला, २०२० मध्ये, पण तिथं अख्खा शेतकरी संघ एकत्र होता. एकट्या घराच्या पंचवीस वेलींसाठी रेघ कोण हलवणार? हलवली तर खालच्या प्रत्येक शेजाऱ्याला आपला खड्डा खणावासा वाटेल.

संध्याकाळी आप्पांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांना रेघेत रस नव्हता, त्यांनी विचारलं, “एकरी काय भाव?” ग्रां क्रूचा सांगितला: एकरी २५ कोटी रुपयांच्या पुढे. पलीकडे शांतता, मग, “अन् पिकवत काय बसलेत, विकून मोकळं व्हावं की.” हे त्यांना गंमत म्हणून सुचलं असेल, पण इथल्या घरांची हीच खरी चिंता आहे. म्हातारा माणूस गेला की वारसाकर या भावावर बसतो, वाइन विकून तो निघत नाही, आणि तुकडा एखाद्या मोठ्या कंपनीकडे जातो. काका ऐंशी पार आहेत, त्यामुळे आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही.

लागवडीचं शेवटी ठरलं ते असं. एकाच ओळीत दोन खुंट. वरच्या पंचवीस वेलींना भरपूर चुना सोसणारा ४१ बी, खाली ३३०९, ज्याला चुना चालत नाही पण तिथं चुना सोसायची गरजही नाही. इथं एक मीटरवर वेल, एक मीटरवर ओळ, एकरी ४००० वेली; नाशिकला खाण्याच्या द्राक्षांच्या हजारेकच बसतात. नर्सरीवाल्याने हिशेब दोनदा विचारून घेतला. ओळी उताराच्या दिशेनेच जाणार, म्हणजे तोडणीच्या वेळी प्रत्येक ओळीत मजुरांना थांबायची जागा दाखवावी लागेल. मी खांबांना निळा रंग लावायचं सुचवलं आहे.

आणि वरचा माल वेगळा आंबवायचा का? काकांचं म्हणणं, हो, नाहीतर खड्डे खणलेच कशाला. पण चाळीस ओळींच्या वरच्या वेली मिळून हजारेक होतात, त्यातून २२८ लिटरची दोन पिंपंही पुरती भरणार नाहीत, आणि एवढ्या थोड्या मालासाठी वेगळी टाकी घ्यावी लागेल. लेबलावर दोन्हीकडे गावाचंच नाव राहणार, भावही तोच. टाकीचे पैसे कोणी द्यायचे यावर काका-पुतणीचं अजून भांडण चालू आहे.