नऊची रोझरी

वसईतल्या ख्रिस्ती घरांत रोझरीची, म्हणजे घरच्यांनी मिळून माळेवर म्हणायच्या मरियेच्या प्रार्थनेची, वेळ पूर्वी चर्चची घंटा ठरवायची. आंजेलस या छोट्या प्रार्थनेची घंटा सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा व्हायची. संध्याकाळची ऐकू आली की वाडीत काम करणारी माणसं हातपाय धुऊन घरातल्या अल्तारापुढे, म्हणजे वेदीपुढे बसायची. आता ती वेळ पश्चिम रेल्वे ठरवते. तसं पाहिलं तर विरारहून पहिली लोकल १८६७ सालीच सुटली, पण तेव्हा सगळं घर थोडंच गाडीत असायचं! आता मी अंधेरीहून येते, नवरा चर्चगेटहून आणि मुलगा क्लासमधून. नऊ वाजतातच.

मग वाद जेवणाचा. रोझरी आधी ठेवली तर पोरांचे डोळे कढईकडे. नंतर ठेवली तर तिसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातल्या आठवायच्या पाचांपैकी तिसऱ्या प्रसंगापर्यंत, दोघं भिंतीला टेकून घोरतात. सासूबाईंचा कौल 'आधी'. भुकेलं पोर निदान जागं तरी असतं, हे त्यांचं म्हणणं.

पहाटे उठून एकांतात देवाशी बोला, असा सल्ला प्रवचनांत नेहमी मिळतो. चांगला आहे, ज्यांना पहाटे डबे भरायचे नसतात त्यांच्यासाठी. येशूही पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला होता, असं बायबलमध्ये मार्क सांगतो. पण पुढचं वाक्य कुणी फारसं वाचत नाही: त्याचा शिष्य शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत तिथेही पोचले, आणि 'सगळे तुम्हाला शोधताहेत' म्हणाले. घरात राहणाऱ्या बाईला हे वाक्य जास्त ओळखीचं वाटतं.

रोझरीला स्वतःला वीसेक मिनिटं लागतात. पाच रहस्यं, आणि 'नमो मरिया' ही प्रार्थना ५३ वेळा. तेवढी मिनिटं आमच्याकडे नसतात, असं मी म्हणणार नाही. मोबाईल ती सहज खातो. खरा वेळ जातो तो बसण्यात. टीव्ही बंद करा, गॅस बारीक करा, माळ शोधा, वर आंघोळीला गेलेल्या माणसाला हाका मारा. मला वाटतं, देवासाठी काढलेला वेळ म्हणतात तो हाच. दिवसभरात आम्ही एकमेकांसाठी थांबतो ते फक्त इथे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं. मग चर्चसारखे इथेही उशिरा येऊन मागे बसणारे असणारच.

गुरुवारी मात्र घोटाळा ठरलेला. कुठल्या वारी कुठली रहस्यं हे ठरलेलं असतं, आणि पूर्वी गुरुवारी आनंदाची असत. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्यं दिली आणि गुरुवार त्यांच्याकडे गेला. सासूबाईंच्या जिभेवर मात्र जुनाच गुरुवार बसलेला. त्या 'आनंदाचं पहिलं रहस्य' म्हणून सुरू करतात, नात कोपरानं ढोसते, त्या चष्म्यावरून बघतात आणि मग प्रकाशाच्या पहिल्या रहस्यावर, येशूच्या बाप्तिस्म्याच्या यार्देन नदीवर येतात. नव्या रहस्यांतलं त्यांना मनापासून पटलेलं एकच, काना गावचं लग्न. द्राक्षारस संपलाय हे भर मांडवात येशूच्या आईच्याच ध्यानात येतं, यात त्यांना काहीच नवल वाटत नाही.

कुवेतचा दीर व्हिडिओ कॉलवर असतो. तिथे साडेसहा वाजलेले. नेटमुळे त्याचं 'पवित्र मरिये', म्हणजे नमो मरियाचा उत्तरार्ध, आमच्यामागून एकटंच येतं, म्हणून त्याला म्यूट करावं लागतं. तो तरीही ओठ हलवत बसतो. बिचारा!

शेवटी प्रत्येकाने आपापला हेतू सांगायचा. मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी, शेजारच्या ऑपरेशनसाठी, पावसासाठी. मग मुलगा खाली बघत म्हणतो, 'माझ्या मॅथ्ससाठी', आणि युनिट टेस्टचे पेपर मिळाले हे घरभर कळतं. परवा नवरा म्हणाला, 'ऑफिसमधल्या एका गोष्टीसाठी.' मी चमकून पाहिलं. गाडीत, फोनवर, चहाला, कुठेच हा विषय निघाला नव्हता. मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, 'त्याने ते देवाला सांगितलंय, तुला नाही.'

मी जेवताना विचारलंच.