गडद काळा अखेर वाळला! मोनोमेरिक व्हिनाइलचा नवा प्रीसेट

लॅटेक्स प्रिंटरवर छापलेला काळा पट्टा पांढऱ्या सुती फडक्याने जोर लावून घासला आणि फडकं पांढरंच राहिलं. मागच्या नोंदीत ज्या चकचकीत मोनोमेरिक व्हिनाइलपाशी (स्टिकरसाठीची स्वस्त पीव्हीसी फिल्म) गाडी अडली होती, तेच हे व्हिनाइल. आज फार बरं वाटतंय.

अडचण अशी होती: फिके रंग झकास, पण जिथे चारही शाया एकमेकींवर बसतात तिथे पृष्ठभाग तेलकट. प्रिंट निघताना कोरडी वाटायची. रोल गुंडाळून ठेवला की दुसऱ्या दिवशी बोट फिरवताच चकाकणारा ओरखडा. क्युअरिंगचं (उष्णतेने शाई पक्की करण्याचं) तापमान पाच अंश चढवलं तर तेलकटपणा कमी, पण कडा उचलायला लागल्या. आणखी पाच चढवलं तर व्हिनाइल लायनरपासून (मागच्या सोलून काढायच्या कागदापासून) सुटून बोगदे तयार. उष्णतेने कागदी लायनरमधला ओलावा जाऊन तो आकसतो, वरचं पीव्हीसी मात्र मऊ पडतं. दोघांची ओढाताण कडांवर दिसते. व्हॅक्यूम (खालून ओढून धरणारं शोषण) वाढवून कडा दाबता येतात, पण मग मीडिया (छापायचा रोल) अडखळत सरकतो आणि आडव्या पट्ट्या येतात. तो नाद सोडला.

लॅटेक्स शाईतलं पाणी आधी उडतं, मग पॉलिमरचे कण वितळून एकसंध थर होतो. त्याच वेळी शाईतली सहद्रावकंही (पाण्यापेक्षा सावकाश उडणारे द्रव) बाहेर पडावी लागतात. ती अडकून राहिली की तेलकटपणा आलाच. त्यासाठी उष्णता हवी तसा वेळही हवा. उष्णतेची मर्यादा व्हिनाइलनेच घालून दिलेली, तेव्हा हातात उरला वेळ. म्हणून आठ पासचे (एकाच जागेवरून प्रिंटहेडच्या फेऱ्यांचे) बारा केले. मीडिया हळू सरकतो, हीटरखाली जास्त थांबतो आणि दर पासला शाईही कमी पडते. तापमान मूळ आकड्यावर परत आणलं, इंक डेन्सिटी (शाईचं प्रमाण) दहा टक्क्यांनी उतरवली. कडा सपाट, काळा कोरडा! वर करड्या रंगातला तो रवाळ डागाळलेपणाही गेला, कारण शाईचे थेंब एकमेकांत मिसळण्याआधीच बसायला लागले. ऑप्टिमायझरला (थेंब जागीच धरणाऱ्या जोडद्रवाला) हातही लावावा लागला नाही.

पास बदलल्यावर बारीक पट्ट्या आल्याच. ॲडव्हान्स कॅलिब्रेशन (दर पासला मीडिया किती सरकतो याची जुळणी) नव्याने केलं, मिटलं. जुनी आयसीसी प्रोफाइल (रंग अचूक उतरवण्यासाठीची फाइल) मात्र बाद. डेन्सिटी हलली की आधी रंग कॅलिब्रेशन, मग नवी प्रोफाइल, हाच क्रम. रोलबरोबर आलेला तयार प्रीसेट (मीडियासाठीच्या सेटिंगचा संच) क्लोन करून सुरुवात करायला ठीक, पण तो वेगळ्याच मालिकेच्या यंत्रासाठी बनवलेला निघाला. पुरवठादारांनी निदान पास आणि तापमान रोलच्या डब्यावर छापावं, असं माझं ठाम मत आहे.

पुढे डेन्सिटी आणखी पाच टक्के उतरवून पुन्हा आठ पासवर यायचा बेत होता, कारण बारा पासचा वेग मोठ्या कामाला परवडत नाही. पण लिहिता लिहिता सुचलं: सगळ्याच रंगांची शाई कशाला कापायची? अडचण फक्त गडद भागाची आहे. प्रोफाइल बनवताना जीसीआर (ग्रे कंपोनंट रिप्लेसमेंट) वाढवला, तर सायन-मॅजेंटा-पिवळ्याच्या जागी काळी शाई येईल, एकूण शाई आपोआप घटेल आणि लाल-केशरी भरदार राहतील. म्हणजे डेन्सिटी आहे तिथेच ठेवायची, नवी प्रोफाइल जास्त जीसीआरने बनवायची आणि दहा पासवर फडक्याची परीक्षा घ्यायची. लायनरचा ओलावा खोलीशी जुळावा म्हणून पुढचा रोल आदल्या दिवशीच यंत्राशेजारी ठेवणार आहे.

धास्ती एकच, त्वचेच्या सावल्यांत काळे ठिपके दिसतील का? लॅटेक्सवर जास्त जीसीआर कुणी वापरला असेल, तर काळी शाई किती गडद छटेपासून सुरू केलीत ते नक्की सांगा.