एस्टरहाझींच्या पदरी हायडन

व्हिएन्नाहून रेल्वेने तास-सव्वा तासात आयझेनश्टाट येतं. गाव एवढंसं, राजवाडा मात्र अवाढव्य. एस्टरहाझी सरदारांच्या या वाड्यावर १७६१ साली संगीतकार जोझेफ हायडन नोकरीला लागला. करारनामा वाचला की करमणूक होते: पांढरे मोजे हवेत, केसांना पावडर हवी, दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात हजेरी लावून विचारायचं, आज वादन आहे का? आणि जे रचाल ते मालकाचं.

वाड्यातल्या मोठ्या दालनाला आता हायडनचंच नाव आहे. तिथे संध्याकाळी त्याची सहावी सिंफनी, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना, ऐकली. तिचं नाव ‘सकाळ’, पण चालायचंच! सुरुवातीला सूर हळूहळू चढत जातो, लख्ख उजाडतं आणि बासरी धावत सुटते. नव्या नोकरीतल्या पहिल्या वर्षातली ही रचना. तिच्यात बासरी, व्हायोलिन, चेलो अशा कित्येकांना एकट्याने वाजवायची संधी आहे, अगदी कोपऱ्यातल्या डबल बासलासुद्धा. हाताखालच्या वादकांना खूश ठेवायची अक्कल पहिल्या दिवसापासून होती म्हणायची.

सिंफनी मुळात इटालियन ऑपेराची नांदी. जलद, संथ, पुन्हा जलद असे तीन तुकडे वाजायचे, तोवर लोक गप्पा मारत जागेवर बसायचे. १७३०च्या सुमारास मिलानमध्ये साम्मार्तिनी हा संगीतकार ऑपेराशिवाय, नुसत्या मैफलीसाठी सिंफनी लिहू लागला. पुढे जर्मनीतल्या मानहाइमला श्टामिट्झ या संगीतकाराने त्यात मिन्युएट हे नाचाचं अंग घालून चार भाग रूढ केले. हायडनने मात्र त्या साच्यात गोष्ट सांगायला सुरुवात केली, असं मला वाटतं.

ते पटलं सीमेपलीकडे हंगेरीत, फेर्टोडला. नॉयझीडल सरोवराच्या दक्षिणेला, दलदलीच्या सपाट मुलखात हायडनचा मालक प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझीने हा दुसरा वाडा उभारला. उन्हाळाभर मुक्काम इथे आणि बहुतेक वादकांची बायकामुलं आयझेनश्टाटला. १७७२ साली मुक्काम लांबतच गेला. मालकाला तोंडावर कोण सांगणार? हायडनने सिंफनी लिहिली. शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवून झालं की मेणबत्ती विझवून उठतो. उरतात फक्त दोन व्हायोलिनं. प्रिन्सला अर्ज पोचला. दुसऱ्याच दिवशी सामान बांधलं गेलं म्हणतात.

जगापासून तुटल्यामुळे मला स्वतंत्र होणं भाग पडलं, असं म्हातारपणी हायडननेच सांगितलंय. फेर्टोडच्या बागेत उभं राहिलं की ते खरं वाटतं. आजही आसपास शेतं आणि शांतता, दुसरं काही नाही.

१७९०मध्ये निकोलाउस वारला. मुलगा आन्टोनने गादीवर येताच वाद्यवृंद जवळजवळ मोडीत काढला आणि हायडनला पेन्शन देऊन मोकळं केलं. झालोमोन नावाचा आयोजक ताबडतोब त्याला लंडनला घेऊन गेला. शेवटच्या १२ सिंफनी त्याने तिथल्या श्रोत्यांसाठी लिहिल्या, आणि ते तिकीट काढून आले होते.