सोळा वाचले, सोळांची किडनी बिघडली

फिजिशियन मंडळींच्या एका सीएमईसाठी (डॉक्टरांचं उजळणीचं शिक्षण-सत्र) एकपानी तक्ता करून द्यायचा होता. ए-फोर, एकाच बाजूने छापलेला, ओपीडीतल्या टेबलाच्या काचेखाली सरकवता येईल असा. विषय स्प्रिंट ट्रायल, २०१५ साली प्रसिद्ध झालेली, अमेरिकेतली. ९,३६१ माणसं, पन्नाशी ओलांडलेली, बीपी वाढलेलं आणि हृदयविकाराचा धोका जास्त. मधुमेह असलेले आणि आधी स्ट्रोक झालेले वगळलेले. निम्म्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली आणायचं, निम्म्यांचं १४० च्या खाली. ट्रायल मुदतीआधी थांबवली गेली, त्यामुळे हाती आहे तो साधारण सव्वातीन वर्षांचा हिशेब.

आयोजकांना मथळा ठळक हवा होता: ‘धोका २५ टक्क्यांनी कमी’. यात खोटं काही नाही. हार्ट अटॅक, स्ट्रोक, हार्ट फेल्युअर, हृदयविकाराने मृत्यू वगैरेंपैकी काहीतरी झालेले १४० च्या गटात ६.८ टक्के आणि १२० च्या गटात ५.२ टक्के, हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर) ०.७५. पण त्याच ट्रायलमध्ये किडनीला अचानक इजा झालेले २.५ वरून ४.१ टक्क्यांवर गेले, रेशो १.६६. आता फायदा सापेक्ष (दुसऱ्या गटाच्या तुलनेत) आणि तोटा निव्वळ आकड्यात (टक्क्यांची सरळ वजाबाकी) सांगितला, तर ‘२५ टक्के फायदा, १.६ टक्के तोटा’. उलटं केलं, तर ‘६६ टक्के तोटा, १.६ टक्के फायदा’. दोन्ही वाक्यं त्याच पेपरातली आणि दोन्ही बरोबर. एमआरच्या (औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या) बॅगेतून निघणाऱ्या एलबीएलमध्ये, म्हणजे डॉक्टरांकडे ठेवून जायच्या पत्रकात, बहुधा पहिलाच प्रकार असतो, आणि भलेभले एमडी तो बिनबोभाट वाचून पुढे जातात. मथळ्यातून २५ काढायला दोन बैठका गेल्या.

मग हजार पेशंटांचे हजार ठिपके. ४० रांगेत, अशा २५ रांगा. ए-फोरवर समास सोडून १८० मिलिमीटर रुंदी मिळते, म्हणजे ठिपक्यापासून ठिपका साडेचार मिलिमीटरवर, ठिपका तीन मिलिमीटरचा आणि उंची सुमारे ११२. दोन गटांचे दोन चौकोन शेजारी मांडण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळावा. ५२ आणि ६८ ठिपक्यांतला फरक डोळ्याला कळत नाही, वाचणारा ‘फरक शोधा’ खेळत बसतो. एकच चौकोन घ्यावा: ९३२ जणांना दोन्हीकडे काहीच होत नाही, ५२ जणांना औषध वाढवूनही होतं, आणि १६ जण मधल्या मध्ये वाचतात. हे १६ एकगठ्ठा कोपऱ्यात ठेवले तर मोजता येतात. विखरून ठेवले तर ‘कोणाचा नंबर लागेल सांगता येत नाही’ हे खरं चित्र दिसतं, पण मोजणी संपते. आम्ही एकगठ्ठा ठेवले. लाल-हिरवं अजिबात नाही, कारण हे पान दवाखान्यातल्या काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवरच निघणार आणि तिथे दोन्ही सारखेच करडे होतात. भरीव, रेघारेघांचा आणि पोकळ असे तीन प्रकार केले. पोकळ ठिपक्याची रेघ अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक असेल तर झेरॉक्समध्ये उडून जाते.

खाली तसाच दुसरा चौकोन किडनीचा: ९५९, २५, आणि जादा १६.

छापण्याआधी आम्ही कच्चं पान दोन-चार डॉक्टरांना अर्धा मिनिट दाखवतो, काढून घेतो आणि काय समजलं ते विचारतो. एका ज्येष्ठ फिजिशियननी पान हातात घेतलं, वरचे सोळा पाहिले, खालचे सोळा पाहिले आणि म्हणाले, “अहो, मग हिशेब फिटला की! कशाला १२० च्या मागे लागायचं?”

आकडे सगळे बरोबर, चौकोन काटेकोर, आणि निघालेला अर्थ भलताच. ठिपक्याला वजन नसतं. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्तातली खूण) वाढून पुढे सावरलेला पेशंट आणि हार्ट फेल्युअरने गेलेला पेशंट, दोघंही तीन मिलिमीटरचेच. शिवाय वरच्या चौकोनात एकूण मृत्यू कुठेच दिसत नव्हते. ते हजारी ४५ वरून ३३ वर आलेले आहेत, बारा कमी. तेही वरच्या सोळांत मिळवता येत नाहीत, कारण हृदयविकाराचे मृत्यू दोन्हीकडे धरलेले, दुहेरी मोजणी होते.

चौकोन मोडले. एकच आडवी पट्टी, हजारी ० ते ५०, आणि प्रत्येक परिणामाला एक बाण: मृत्यू ४५ ते ३३, हार्ट फेल्युअर २१ ते १३, हार्ट अटॅक २५ ते २१, स्ट्रोक १५ ते १३. मग रेघ मारून खाली किडनी २५ ते ४१, बीपी फार उतरणं १४ ते २४. अटॅक आणि स्ट्रोकचे बाण पोकळ, कारण दोन्हींचा विश्वासपट्टा (खरा रेशो ज्या पल्ल्यात असू शकतो तो) १ ओलांडतो, म्हणजे फरक योगायोगाचाही असू शकतो. पंचवीस टक्क्यांच्या मथळ्यात हे कधीच दिसलं नसतं. फायद्याचा मोठा भाग हार्ट फेल्युअर आणि मृत्यूंत आहे. मृत्यू वर आणि किडनी खाली, ही उतरंड आमची आहे, ट्रायलची नाही. तसं पानावर लिहिलं. ‘ओळींची बेरीज करू नये’ हेही.

एवढं करून एक गोष्ट चित्रात बसलेली नाही. स्प्रिंटमध्ये बीपी मोजलं ते स्वयंचलित यंत्राने, पाच मिनिटं शांत बसवून, तीन रीडिंगची सरासरी काढून, आणि पुष्कळ ठिकाणी खोलीत दुसरं कोणी नसताना. आपल्या ओपीडीत पेशंट जिना चढून येतो, नातेवाईक बोलत असतो आणि बाही वर सारता सारता पट्टा गुंडाळला जातो. तिथलं १२० आणि इथलं १२० एक नव्हे. इथे त्या आकड्यासाठी गोळ्या वाढवल्या तर प्रत्यक्षात बीपी त्याहून खाली जाऊ शकतं, आणि किडनीचा बाण लांबतो. किती लांबतो, हे काढायला ट्रायलमध्ये आकडाच नाही, मग बाण काढायचा कसा? तूर्त मोजण्याची पद्धत बाणांच्या वर, मथळ्याच्याच टाइपात एका ओळीत घातली आहे. आयोजकांचं म्हणणं, ती तळटीपेत जाऊ द्या, पान भरलंय. मी लोगो लहान करायला सांगितलंय.