ज्याची तक्रार, त्याने टाळ वाजवत राहायचं

माऊलींच्या पालखीबरोबर वारीत निघालो. दिवे घाट चढलो, जेजुरीला भंडाऱ्यात न्हालो. वाल्ह्याला जमीन भिजलेली. राहुटीची खुंटी धरेना, टँकरची रांग हलेना, आणि मागून कुणीतरी हंडा पुढे रेटत होतं. माऊली म्हणताना दात आवळले जात होते. नीरेत पादुकांना स्नान घडलं तेव्हा कुठे निवलो.

लोणंदच्या तळावर समाज आरतीला, म्हणजे मुक्कामावरच्या सगळ्यांच्या आरतीला, शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला चोप (दंड) उंचावला आणि सगळे टाळ थांबले. एक दिंडी तेवढी वाजवत राहिली. तक्रार असलेल्या दिंडीने थांबायचं नाही, अशी रीतच आहे. मग चोपदार स्वतः तिथवर चालत जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. त्यानंतर हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ, आणि मग आरती. शेजारी आमच्या दिंडीतले आबा उभे होते, सत्तरी ओलांडलेले. टाळ कवटाळून पुटपुटले, "थोरला असाच वाजवत हुता. मी ऐकाय गेलोच न्हाई. गप कर म्हनलो."

झालं होतं ते पाण्यावरून. दोघा मुलांना जमीन सारखी वाटली, पण विहीर धाकट्याच्या तुकड्यात गेली आणि थोरल्याच्या पाण्याची पाळी वाटणीपत्रात लिहिलीच नाही. तोंडी ठरलेली पाळी पहिल्या उन्हाळ्यातच मोडली. थोरला बायकापोरांसह फलटणला निघून गेला तो परतला नाही. कितीतरी घरं अशीच फुटलेली पाहिली आहेत. जमीन मोजतात, पाण्याचे दिवस आणि तास कुणी कागदावर आणत नाही.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. तरडगाव सोडताना पाऊस आणि तासाभरात कडक ऊन. ओला मोजा, कॅनव्हासचा बूट आणि आत शिरलेली बारीक खडी, एवढं फोड यायला पुरतं. निंभोऱ्याच्या अलीकडे आबा रस्त्याकडेला बसले. टाचेवर रुपयाएवढा फोड, फुटायच्या बेतात.

साखरेचा आजार (मधुमेह) आहे का, हे आधी विचारायचं. असेल तर फोडाला हात न लावता थेट वैद्यकीय पथकाकडे न्यायचं. आबांना नव्हती. समोरच्या घरातली बाई न विचारता पातेलंभर गरम पाणी आणि धुतलेलं फडकं घेऊन आली. पाय साबणाने धुतला, कोरडा केला. सुई स्पिरिटने पुसून फोडाच्या खालच्या कडेला दोन भोकं पाडली आणि कापसाने हळू दाबून पाणी काढलं. वरची कातडी मात्र सोलायची नाही, तीच आतल्या मांसाचं पांघरूण असते. बरेच जण फोडातून दोरा ओवून तसाच ठेवतात. त्या दोऱ्यावाटे घाण आत जाते आणि दोन मुक्कामांत टाच पिकते. आम्ही मलम लावून वर गॉज बांधला. पलीकडे एक चांभार वारकऱ्यांची पायताणं फुकट शिवत होता. त्याने आबांच्या चपलेचा मागचा पट्टा कापला आणि टाचेखाली मऊ चामड्याचा तुकडा बसवला. पैसे देऊ केले तर त्याने आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांनीही वाकून त्याच्या पायांना हात लावला. ती बाई पातेलं घेऊन आत गेली होती, तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

"माऊली, फोन लावून द्या," आबा म्हणाले. निरोप होता, 'फलटणच्या तळावर ये.' एवढ्याने वारीत माणूस सापडत नाही. मुक्कामाच्या गावात फोन लागत नाही, लागला तर टाळात ऐकू येत नाही. म्हणून तरडगाव-फलटण रस्त्यावरूनच मेसेज पाठवला: रथामागे की पुढे, दिंडीचा क्रमांक, ट्रकचा नंबर, तळाजवळची खूण, आणि हरिपाठानंतरची वेळ.

फलटणला सून आली, पिठलं-भाकरी घेऊन. तिने पाय पाहिला, गॉज बदलला. थोरला ट्रकपाशीच उभा होता. आबा लंगडत स्वतः तिथवर गेले. काय बोलले ते ऐकायला मी थांबलो नाही, पण परतताना आबांचा चेहरा उतरलेला होता. रात्री ते कुणाशीच बोलले नाहीत. मला त्या थोरल्याचा राग आला, आणि काकड्याच्या वेळीही तो गेला नव्हता.

पहाटे तो आला. वडिलांची पिशवी खांद्याला लावून विडणीपर्यंत चालला. निघताना म्हणाला, वाखरीला येतो. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात, तिथे शोधाशोधीतच दिवस जाईल. भंडीशेगावला ये म्हणून सांगितलं आणि दिंडीचा, ट्रकचा नंबर कागदावर लिहून दिला. आबांनी तो कागद परत मागून घेतला आणि कागदाच्या मागच्या बाजूला आठवड्यातले वार लिहायला लावले. चार दिवस थोरल्याचं पाणी, तीन दिवस धाकट्याचं. खाली स्वतः सही केली. धाकट्याची सही गावी गेल्यावर घ्यायची आहे आणि तो सहजासहजी करणार नाही, हे आबांना ठाऊक आहे.